ओटीपी जातो उसाच्या फडात

गेल्या डिसेंबरातली गोष्ट सांगते. दुपारचे साडेचार झाले असतील. आमच्या केंद्रात (केंद्र म्हणजे तालुक्याच्या गावात भाड्यानं घेतलेल्या दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर) एक मुलगी महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरत बसली होती. बारावी होऊन नर्सिंगला लागलेली, हुशार पोरगी, सगळं स्वतःच टाइप करत होती, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला सगळं स्कॅन करून तयार होतं, आणि मग आला आधारचा ओटीपी. म्हणजे आला, पण आमच्याकडे नाही आला. तिच्या आधारला मोबाईल नंबर लागलाय वडिलांचा आणि वडील ऊसतोडीला बेळगावकडे.

दहा मिनिटं असतात ओटीपीला. तिनं फोन लावला तर तो उचलला ट्रॅक्टरवाल्यानं, कारण कोपीवर (ऊसतोडवाल्यांची झोपडी) लाइट नसते म्हणून फोन चार्जिंगला त्याच्याकडे दिलेला असतो, आणि वडील फडात. ती म्हणली, दादा, मेसेज आला असंल बघा, सहा आकडे आहेत ते वाचा की. त्यानं वाचलं, सत्तावन्न, एकोणनव्वद, चौसष्ट. तिनं टाकलं ५७, ७९, ६४. चुकला. परत पाठवला, तोपर्यंत फोनची रेंज गेली. तिसऱ्यांदा मी म्हणलं एकेक आकडा सांगायला सांग, जोडीनं नको, तेव्हा कुठं तो फॉर्म पुढं सरकला. पोरीच्या कपाळावर घाम आलेला, डिसेंबरात.

ती गेल्यावर मी तिथंच बसून राहिले, कारण माझ्या समोरच्या भिंतीवर मीच चिकटवलेलं पोस्टर होतं, "ओटीपी फोनवर कुणालाही सांगू नका." आणि त्या पोस्टरखाली बसून मी एका पोरीला फोनवरून ओटीपी विचारायला लावला होता, तोसुद्धा वडिलांना नाही तर ट्रॅक्टरवाल्याला.

मी बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरातल्या गावांमधल्या तरुण पोरापोरींसोबत काम करते, २०११ पासून. युवा कार्यकर्ती म्हणतात कागदावर, गावात ताई म्हणतात. दिवाळी झाली की निम्मी गावं रिकामी होतात, आईबाप कोयता घेऊन जातात ते फाल्गुन-चैत्रात परत येतात, आणि मागं राहतात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि ज्यांना शिकायचंय अशी मोठी पोरं. आता नेमक्या ह्याच महिन्यांत शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे असतात, आणि अर्ध्या ठिकाणी नंबर बापाचा. वेबसाइट बनवणाऱ्या माणसानं असं धरलंय की माणूस आणि त्याचा फोन एकाच जागी असतात. आमच्याकडे तसं नसतं.

म्हणून मला जेव्हा कुणी विचारतं की युवा कार्यकर्त्यानं डिजिटल काय काय शिकावं, तेव्हा मी आधी हे सांगते की तुझ्या पोरांच्या आधारला नंबर कुणाचा आहे ते तुला माहिती आहे का? हे कुठल्याच कोर्सला शिकवत नाहीत. मी स्वतः एमएससीआयटी केलं होतं, ते कामाला आलं, खोटं कशाला बोलू, फाइल कशी सेव्ह करायची, एक्सेलमध्ये बेरीज कशी करायची हे तिथंच शिकले. मराठी टायपिंग आधी कृतिदेवमध्ये शिकले आणि मग कळलं की ती फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसता कचरा दिसतो, मग युनिकोड शिकले, आता तर बोलून टाइप करते. हे सगळं येतंच हळूहळू. त्यात फार वेळ घालवायची गरज नाही असं माझं मत आहे, लागेल तसं शिकावं. माझा वेळ गेला तो वेगळ्याच गोष्टी शिकण्यात, आणि त्यातल्या बहुतेक मी चूक करून शिकले.

पहिली चूक म्हणजे मी सगळ्यांचे फॉर्म भरून द्यायचे. मला वाटायचं हीच सेवा. पोरं यायची, कागद टेबलावर ठेवायची, मी बसायचे आणि धडाधड भरायचे, रात्री अकरा अकरा वाजेपर्यंत. ईमेल कुणाकडेच नसायचा म्हणून माझाच एक ईमेल सगळ्यांना, पासवर्ड पण सगळ्यांना एकच म्हणजे माझ्या लक्षात राहावा. एका हंगामात साठच्या वर फॉर्म भरले होते मी आणि मला त्याचा अभिमान होता. पुढच्या वर्षी नूतनीकरण आलं. एक मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला गेलेला, शेवटच्या दिवशी रात्री त्याचा फोन, ताई लॉगिन होत नाही, पासवर्ड बदला म्हणतंय आणि कोड तुमच्या ईमेलवर गेलाय. मी त्या दिवशी नातेवाइकांकडे लग्नाला, फोनला रेंज नाही. सकाळी बघितलं तर अकरा मिस्ड कॉल. त्याचा फॉर्म राहिला. त्या वर्षीची फी बापानं मुकादमाकडून जास्तीची उचल घेऊन भरली. म्हणजे माझ्या एका ईमेलमुळं एका माणसाच्या अंगावर कर्ज वाढलं, हे मी कधी विसरले नाही, विसरायचं पण नाहीये.

तेव्हापासून केंद्रात नियम एकच, माऊस पोराच्या हातात. मी शेजारी बसणार, माझे हात मांडीवर. खूप अवघड जातं हे, खरं सांगते, कारण समोरचं पोरगं "आडनाव" टाइप करायला दोन मिनिटं घेतं आणि बाहेर पंधरा जण उभे असतात आणि लाइट कधी पण जाऊ शकते. हात शिवशिवतात. पण एकदा त्यानं स्वतःचा ईमेल काढला, स्वतःचा पासवर्ड ठरवला, फाइल २५६ केबीच्या आत कशी बसवायची हे एकदा स्वतः केलं, की दुसऱ्या वर्षी तो येत नाही. आणि कधी कधी येतो तो धाकट्या बहिणीला घेऊन येतो आणि तिच्या शेजारी स्वतः बसतो.

पासवर्डचं एक सांगते, ह्यावर माझं आणि शहरातल्या ट्रेनर लोकांचं पटत नाही. ते म्हणतात पासवर्ड कधी कागदावर लिहू नका. मी म्हणते लिहा. वहीत लिहा, वही ट्रंकेत ठेवा, रेशनकार्डाजवळ. कारण आमच्याकडे धोका घरात शिरणाऱ्या चोराचा नाहीये, आमच्याकडे पासवर्ड कॅफेवाल्याच्या वहीत असतो! पोरगं पोलीस भरतीचा फॉर्म कॅफेत भरतं, ईमेल कॅफेवाल्याचा, नंबर कॅफेवाल्याचा, आणि हॉलतिकीट आलेलं कळतच नाही. किती जणांचं असं झालंय. मग पोराच्या स्वतःच्या ट्रंकेतली वही कितीतरी बरी.

बँकेचं पण असंच. शिष्यवृत्ती मंजूर झाली, स्टेटसला पैसे जमा दिसतायत, पासबुकात काही नाही, पोरगी रडकुंडीला. आधारवरचे पैसे फॉर्मात लिहिलेल्या खात्यात जातातच असं नाही, आधार शेवटी ज्या खात्याला जोडलं गेलं त्या खात्यात जातात. आणि ते खातं कधी कधी कुणीतरी शिबिरात अंगठा घेऊन उघडलेलं असतं, पोरीला आठवत पण नसतं. आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस म्हणून एक पान आहे तिथं बँकेचं नाव दिसतं. हे मी बँकेच्या एका क्लार्ककडून शिकले, काउंटरला उभं राहून, आणि आता फॉर्म भरायच्या आधी ते पान उघडायला लावते. (त्यालाही ओटीपी लागतो, म्हणजे परत फडातच फोन.)

आता जड गोष्ट सांगते.

आम्ही किशोरवयीन मुलींचे गट चालवतो, वेगवेगळ्या गावांत. सगळ्या मुलींची नावं, गाव, वय, मोबाईल नंबर अशी एक एक्सेल शीट होती माझ्याकडे. एका कार्यक्रमाच्या आधी घाईघाईत ती शीट मी चुकून आमच्या टीमच्या ग्रुपऐवजी तालुक्याच्या मोठ्या व्हॉट्सऍप ग्रुपवर टाकली, त्यात सरपंचांपासून कुणाकुणाचे मित्र सगळे होते. दहा-पंधरा मिनिटांनी लक्षात आलं, डिलीट फॉर एव्हरीवन केलं, मला वाटलं मिटलं. तिसऱ्या दिवसापासून मुलींच्या फोनवर रात्री "हाय" यायला लागले. "ओळखलं का." "फोटो पाठव." फोन बहुतेकींच्या घरात एकच, तो भावाच्या नाहीतर बापाच्या हातात. तीन घरांत मुलींचं गटात येणं बंद झालं आणि एका घरात मुलीला मार बसला, तिनं काहीही केलेलं नसताना.

मी प्रत्येक घरी गेले. ओट्यावर बसून सांगितलं की चूक माझी आहे, पोरीची नाही. दोन घरांनी ऐकलं. तिसऱ्या घरातली मुलगी परत आली नाही.

२०२३ साली डेटा संरक्षणाचा कायदा झाला, त्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती वगैरे आहे, ते चांगलंच आहे, पण मला कायदा कळायच्या आधी त्या ओट्यावर कळलं की मोबाईल नंबर म्हणजे काय असतो. आता आमच्या शीटमध्ये नंबर नसतात. नंबर वेगळ्या फाइलमध्ये, ती फाइल दोघींनाच उघडता येते, आणि नावाऐवजी क्रमांक. कार्यक्रमाचे फोटो काढायच्या आधी विचारतो, काढल्यावर दाखवतो, आणि कुठं टाकणार ते सांगून एक दिवस थांबतो, कारण तिथल्या तिथं ताईला नाही म्हणायला पोरींना जमत नाही, घरी गेल्यावर मैत्रिणीकडून निरोप पाठवतात की माझा नको. तो निरोप यायला वेळ द्यावा लागतो.

आणि एखाद्या मुलीचा फोटो कुणी पसरवायची धमकी देत असेल तर काय करायचं हे प्रत्येक कार्यकर्तीला तोंडपाठ पाहिजे, तेव्हा शोधत बसायला वेळ नसतो. पैसे द्यायचे नाहीत, चॅट डिलीट करायची नाही, स्क्रीनशॉट ठेवायचे. १८ च्या आतल्या फोटोंसाठी टेक इट डाउन आणि १८ च्या वरच्यांसाठी स्टॉपएनसीआयआय अशा दोन साइट आहेत. तिथं फोटो पाठवावा लागत नाही, आपल्याच फोनवर त्याचा एक ठशासारखा आकडा तयार होतो आणि तेवढाच जातो, मग ह्यात सामील असलेल्या फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या कंपन्या तो फोटो ओळखून अडवू शकतात. हे समजावून सांगितलं की मुलीचा श्वास खाली बसतो, मी पाहिलंय. मुलगी १८ च्या आतली असेल तर पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कलम १९ प्रमाणे आपल्याला पोलिसांना कळवावंच लागतं, "घरातलं प्रकरण आहे, मिटवू" असं म्हणता येत नाही. हे मुलींच्या गटात आधीच सांगून ठेवावं, म्हणजे ती माझ्याशी बोलायला येते तेव्हा तिला माहिती असतं की मी कुठपर्यंत गुपित ठेवू शकते.

मुलांचं वेगळंच चाललंय. मागच्या वर्षी आमच्या गटातल्या एका पोराला कुणीतरी सांगितलं की तुझं बँक खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो, एटीएम कार्ड आणि सिम आमच्याकडे राहील. त्याला वाटलं रिकामं खातं तर आहे, काय जातंय. महिन्याभरात खातं गोठलं आणि दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांची नोटीस घरी आली, कुणाला तरी फसवून लुटलेले पैसे त्या खात्यातून फिरवले होते. पोरगं भरतीची तयारी करणारं, रोज पहाटे पाचला पळणारं. गुन्हा दाखल झाला तर भरतीचं काय, ह्या एकाच विचारानं ते दोन दिवस जेवलं नाही. मी त्याच्यासोबत तीनदा पोलीस स्टेशनला गेले. हे "भाड्यानं खातं" प्रकरण गावागावात पसरलंय आणि पोरांना हा गुन्हा आहे हेच माहिती नाही. लग्नपत्रिकेच्या नावानं एपीके फाइल येते (उघडली की फोनमध्ये ऍप शिरतं), ती उघडू नये हे एक वेळ माहिती असतं, पण आपलं खातं म्हणजे आपली सही आहे हे माहिती नसतं.

ह्यावर मी आधी भाषण द्यायचे, पोरं मान हलवायची. आता भाषण बंद. आता पोरं दोघा-दोघांच्या जोड्या करतात, एक फसवणारा आणि एक फसणारा, आणि खरंच फोनवर बोलायचं. फसवणारे इतके भारी बोलतात ना, बाप रे, "सर तुमचं केवायसी संपतंय" एकदम त्या आवाजात! आणि मग फसणाऱ्याला विचारायचं की कुठल्या वाक्याला तू ढिला पडलास. तिथं खरं शिक्षण होतं. शेवटी सगळ्यांनी १९३० हा नंबर सेव्ह करायचा, सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, आणि जितक्या लवकर फोन करू तितके पैसे मधेच अडायची शक्यता जास्त. आणि पैसे यायला कधीच पिन लागत नाही, पिन फक्त पैसे जायला लागतो, हे वाक्य मी म्हाताऱ्या आज्यांकडून पण पाठ करून घेतलंय.

अजून एक आहे, ते लिहू का नको असं चालू होतं.

१ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आठवडी बाजार होता. मंगळवेढ्याकडची नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागून जगणारी, तिथं गेली होती. मुलं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज तेव्हा सगळीकडे फिरत होते. लोकांनी त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं, पाचही जणांना. त्या काळात जे व्हिडिओ फिरत होते त्यातला एक तर कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा होता, शेवटचा भाग कापलेला, ज्यात मूल परत आणून देतात आणि पाटी दाखवतात. त्याच महिन्यात व्हॉट्सऍपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल असं केलं, पुढं २०२० ला खूप फिरलेल्या मेसेजला एकच ठिकाण केलं.

तसला एक व्हिडिओ जूनमध्ये माझ्याकडे पण आला होता. मोटरसायकलवरून पोरगं उचलतात तो. आणि मी तो मुलींच्या पालकांच्या ग्रुपवर टाकला होता, "काळजी घ्या" असं लिहून. मी, ताई, जिच्यावर गावं विश्वास ठेवतात. आमच्या भागात पण पालं टाकून राहणारे भटके लोक येतात, गोसावी येतात, बहुरूपी येतात. आमच्या गावात काही झालं नाही, पण होऊ शकलं असतं आणि त्यात माझा हात असता. राईनपाड्याची बातमी आली त्या संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं की मी पाठवलेला व्हिडिओ न तपासता पाठवला होता, माफ करा. एका आजोबांनी फक्त हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. बाकी कुणी काही बोललं नाही.

व्हिडिओचं एक चित्र थांबवून त्याचा स्क्रीनशॉट गूगलच्या चित्रं शोधायच्या सोयीला (आता ती गूगल लेन्स) द्यायचा आणि ते आधी कुठं आलंय बघायचं, हे मी त्याच आठवड्यात शिकायला बसले. माझ्या सगळ्या डिजिटल शिक्षणात ह्याच्यापेक्षा महत्त्वाचं मी काही शिकले नाही.

युरोपात डिजकॉम्प नावाची एक चौकट आहे, २०१३ पासून, एका प्रशिक्षणात आम्हाला दाखवली होती. पाच भाग आहेत त्यात, माहिती शोधणं आणि पारखणं, संवाद, मजकूर तयार करणं, सुरक्षितता आणि अडचणी सोडवणं. चांगली आहे, मला पटली. पण आपल्याकडच्या प्रशिक्षणांत तिसऱ्यावरच सगळा जोर, कॅनव्हावर पोस्टर करा, रील बनवा. रील आमची पोरं माझ्यापेक्षा शंभर पट चांगलं बनवतात, गूगल फॉर्म पण मला लॉकडाऊनमध्ये एका सतरा वर्षांच्या मुलीनंच शिकवला. त्यांना माझी गरज पारखण्यात आणि सुरक्षिततेत आहे, आणि तिथं मी कच्ची राहिले तर नुकसान त्यांचं होतं.

तर तो ओटीपी. ते पोस्टर मी काढलं. त्या जागी काय लिहावं ह्यावर आम्ही एका रविवारी दुपारभर बोललो, त्या नर्सिंगवाल्या मुलीसकट आठ-दहा पोरी होत्या. एक म्हणली, सांगायचाच नाही तर आमचे फॉर्म कोण भरणार. दुसरी म्हणली, आजकाल एआयनं आवाज पण काढतात म्हणे, बापाला वाटंल लेकच बोलतेय. मग त्यांनीच काढलं की घरातल्या घरात एक खुणेचं नाव ठरवायचं. बैलाचं नाव. प्रत्येकाच्या घरी बैल आहे नाहीतर होता, त्याचं नाव बाहेरच्याला माहिती नसतं, आणि बापाला ते विसरायचं कारण नाही. फोन आला की आधी बैलाचं नाव विचारायचं, मग कोण काय मागतंय ते ऐकायचं, आणि आकडे एकेक सांगायचे. पोरींनी तिथूनच फडात फोन लावले. एकीचे वडील इतके हसले की स्पीकर बंद करावा लागला.

मे महिन्यात माणसं गावी होती तेव्हा आम्ही आधारचा नंबर बदलून घ्यायचं काम काढलं, पोरांना दहा-दहाच्या तुकडीनं तालुक्याच्या आधार केंद्रावर नेऊन. आता ते आमचं दरवर्षीचं मे-जूनचं काम आहे, हिवाळ्यातला फॉर्म उन्हाळ्यात भरायला घ्यायचा. ज्या पोरींना स्वतःचं सिम मिळालं त्यांचा नंबर लागला, सगळ्यांना नाही मिळालं, काही घरांत अजून पोरीच्या हातात फोन नको असंच आहे आणि त्याला मी नुसतं बोलून उत्तर देऊ शकत नाही, वेळ लागतो.

ह्या वर्षी नूतनीकरणाची शेवटची तारीख जवळ आली तेव्हा त्या नर्सिंगच्या मुलीचा फॉर्म कॉलेजकडेच अडकलेला असेल की काय असं मला वाटत राहिलं. रात्रीचे नऊ वाजले होते, मी घाईत होते, दुसऱ्या कुणाच्या तरी नंबरवरून तिला फोन लावला कारण माझ्या फोनची बॅटरी गेलेली. म्हणलं, अगं मी ताई बोलतेय, तुझा युजरनेम आणि पासवर्ड सांग, मी इथून बघते कुठं अडलंय.

ती थोडं थांबली आणि म्हणली, "ताई, बैलाचं नाव सांगा."

मला माहिती नव्हतं.

"मग मी उद्या सकाळी स्वतःच बघते," म्हणली आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी दहाला माझ्या नंबरवर तिचा स्क्रीनशॉट आला, फॉर्म कॉलेजनं पुढं पाठवलेला होता. स्क्रीनशॉटमध्ये वरचा आधार नंबर तिनं काळ्या पट्टीनं झाकलेला होता.